जुनी रोड बाईक घ्यायची तर किती मोजायचे?

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या रोड बाईकच्या जाहिराती चाळल्या की तीन वाक्यं हटकून भेटतात: ‘घेतली तेव्हा 85 हजारांची होती’, ‘जेमतेम चालवलीय’ आणि ‘वेळ मिळत नाही म्हणून विकतोय’. तिसरं बहुधा खरं असतं. पहिलंही खरं असेल, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. दुसरं खरं असलं, तरी विकणाऱ्याला वाटतं तेवढं ते चांगलं नसतं.

रोड बाईक म्हणजे वळवलेल्या हँडलची, बारीक टायरची, सस्पेन्शन नसलेली सायकल. येऊरच्या चढावर किंवा पाम बीच रोडवर रविवारी सकाळी ज्यांचे थवे दिसतात, त्या. नवी घ्यायची तर खिसा चांगलाच हलका होतो, म्हणून नवखा माणूस आधी जुनीकडे वळतो. ते शहाणपणाचंच आहे. फक्त सायकल बघायला जाताना डोक्यात तीन प्रश्न हवेत. अशीच सायकल आज नवी कितीला मिळते? हिला उद्या सकाळी रस्त्यावर आणायला किती खर्च येईल? आणि फ्रेम शाबूत आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिल्या दोघांची गरजच उरत नाही.

घरी बसून करायचं काम

आधी गिअरचा संच ओळखायला शिका. बहुतेक सायकलींवर शिमानो या जपानी कंपनीचा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकच्या भागांचा संच) असतो आणि त्याची उतरंड ठरलेली आहे. तळाला टूर्नी, मग क्लॅरिस (मागे 8 गिअर), सोरा (9), टियाग्रा (10), त्यावर 105, अल्टेग्रा आणि शेवटी ड्युरा-एस. 105 जुनी असेल तर 10 गिअरची, 5800 किंवा आर 7000 मालिकेतली असेल तर 11 ची. नवख्याला क्लॅरिस पुरते, सोरा मिळाली तर उत्तम. टूर्नीवाल्या सायकलींत गिअरचा खटका बऱ्याचदा ब्रेकच्या लिव्हरमध्ये नसून हँडलवर वेगळा बसवलेला असतो आणि मागे कॅसेट (सरकवून बसवलेल्या दातेरी चक्रांचा संच) नसून आट्यांवर चढणारं फ्रीव्हील असतं. वजनदार माणसाच्या हाती अशा चाकाचा ॲक्सल वाकायची भीती जास्त, त्यामुळे तिचा भाव बराच खाली धरायचा.

जाहिरातीत ‘105 ग्रुपसेट’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढा 105 चा, बाकी सगळं खालच्या दर्जाचं. मागचा डिरेलर फोटोत उठून दिसतो, म्हणून कंपन्याही तोच वरचा लावतात. तुम्ही फोटो मागवा तो ब्रेक-गिअरच्या जोड लिव्हरचा. बदलायची वेळ आली तर गिअरच्या भागांत सगळ्यात महाग तीच पडते, त्यामुळे संचाची खरी पातळी तिच्यावरच्या नावावरून ठरवा. 10 गिअरची सायकल घेताना आणखी एक बघा. टियाग्राची 4700 मालिका बाकीच्या 10 गिअरच्या रोड संचांशी जुळत नाही. एका खटक्याला गिअरची तार जितकी ओढली जाते, ते मापच वेगळं आहे. त्यात कोणी भेसळ केली असेल, तर गिअर कधीच नीट बसणार नाहीत.

वयाचा अंदाज विकणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. शिमानोच्या भागांवर आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 2002 ला ‘ए’, 2003 ला ‘बी’ असं पुढे मोजत जायचं; महिन्यांसाठी जानेवारी ‘ए’, डिसेंबर ‘एल’. म्हणजे ‘एन-सी’ दिसलं तर तो भाग मार्च 2015 चा. (हीच अक्षरं 1976 ते 2001 मध्येही वापरली होती, पण ब्रेक-गिअर एकत्र असलेल्या लिव्हर 1990 च्या सुमारास आल्या, तेव्हा ‘ए’ ते ‘एन’ या अक्षरांत घोटाळा सहसा होत नाही.) क्रँक (पॅडलचा दांडा), ब्रेक आणि डिरेलरची तारीख जवळपास सारखी आली तर संच मूळचा. एकच भाग चार वर्षांनी तरुण निघाला तर ‘हा कधी बदलला, का बदलला?’ हे विचारायचं. पडल्यामुळे बदलला असेल, तर उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.

आता नव्याचा भाव. त्याच पातळीच्या संचाची, त्याच धातूच्या फ्रेमची सायकल आज दुकानात कितीला आहे ते पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यामुळे 2021 चं बिल दाखवून ‘आता तर आणखी महाग झाली असेल’ असं कोणी म्हणालं, तर मान डोलावण्याआधी आजची किंमत तपासा. त्या काळातली बिलं मुळातच फुगलेली होती. 2020 च्या लॉकडाऊननंतर सायकलींवर उड्या पडल्या, माल मिळेना आणि लोकांनी मिळेल त्या भावाला घेतल्या. आज ठाण्या-नवी मुंबईत विकायला निघालेल्या सायकलींत त्या लाटेतल्या बऱ्याच आहेत.

बघायला जाताना

उजेडात जा. स्टिल्ट पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली भेगा दिसत नाहीत. सोबत मोबाइलचा टॉर्च, 4 आणि 5 मिलिमीटरचे ॲलन पाने, इंचांची पोलादी टेप, फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक आणि एक रुपयाचं नाणं घ्या. ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय, टोकन पाठवा’ म्हणणाऱ्याला सायकल पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही, आणि पैसे ‘मिळवण्यासाठी’ कोणी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला तर तिथेच फोन ठेवायचा.

पोहोचल्यावर पहिलं माप. सायकलीवर टांग टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. वरच्या नळीपासून दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. साधारण साडेपाच फुटांच्या माणसाला 52 ते 54 सेंटिमीटरची फ्रेम बसते, पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून बसून हँडल धरून बघा. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. ‘अहो, सीट खाली घेतली की झालं’ असं सांगणारे काका भेटतील. सीट खाली येते, वरच्या नळीची लांबी कमी होत नाही. स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) बदलून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सावरता येतं, त्यापुढे नाही. माप चुकलेली सायकल फुकटातही घेऊ नका. ती बाल्कनीत जाते आणि दोन वर्षांनी तुमचीच जाहिरात येते.

फ्रेम: इथे घाई नको

लोहचुंबक चिकटलं तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम किंवा कार्बन. त्यावर पुढची तपासणी ठरते.

सगळ्यात आधी सायकल उलटी करा, टॉर्च लावा आणि पुढच्या नळीला (हेड ट्यूबला) खालची तिरकी नळी जिथे येऊन भिडते, त्याच्या खालच्या अंगावर बोट फिरवा. समोरून धडक बसलेली सायकल तिथे बोलते. बारीकशी लाट, चुरगळल्यासारखी सुरकुती किंवा रंगाला आडवी तडकलेली रेघ लागली तर उठून ‘धन्यवाद’ म्हणा. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही, सायकल नवीकोरी दिसते. हाच हात पुढे पॅडलच्या बेअरिंगचं घर (बीबी), मागच्या दोन नळ्या आणि चाक बसतं त्या खाचांवर फिरवा. वेल्डिंगच्या कडेने गेलेली केसासारखी रेघ रंगाची आहे की धातूची, अशी शंका आली तर धातूचीच समजा. ॲल्युमिनियमची फ्रेम ‘आमचा वेल्डिंगवाला मस्त जोडून देतो’ म्हणत कोणी गळ्यात मारू पाहील. त्या नळ्यांना उष्णतेची प्रक्रिया करून बळ दिलेलं असतं, गल्लीतल्या वेल्डिंगने ते त्या जागी निघून जातं. पोलादाची फ्रेम मात्र जाणकाराकडून दुरुस्त होऊ शकते.

कार्बनवर नाणं हलकेच वाजवत जा. टणक आवाज येत असताना मध्येच भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. पण ही चाचणी पक्की नव्हे. नवख्याने पहिली जुनी सायकल कार्बनची घेऊच नये असं माझं मत आहे. पडल्याची खूण कार्बन बाहेरून दाखवीलच असं नाही, आणि तुमच्याकडे अजून ती ओळखायची नजर नाही.

मग आपल्याकडचा खास शत्रू: खारी हवा आणि पावसाळा. सीवूड्स, नेरूळ, वाशीच्या खाडीकडच्या इमारतींत किंवा कोलशेत, घोडबंदरच्या बाजूला सायकल चार पावसाळे खाली पार्किंगमध्ये उभी असेल तर वरून पुसून चकचकीत करता येते, आतून नाही. विकणाऱ्याची परवानगी घेऊन सीटचा बोल्ट सैल करा आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ओढून बघा. हलत नसेल तर थांबा. ॲल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की नळीत घट्ट धरतो. पोलादी फ्रेममध्ये दोन धातूंच्या गंजामुळे तर जास्तच. तो काढताना फ्रेमही जाऊ शकते. तुमच्या उंचीला सीट आत्ता बरोबर असली तरी भावात याची मोठी कपात झाली पाहिजे. पोस्ट निघाला तर बरंच काही कळतं. पोलादी फ्रेम उलटी धरून हळूच थोपटा. नळीतून तांबूस पापुद्रे गळले तर गंज आतून खातोय. थोडी तांबूस भुकटी असेल तर चालतं.

जाता जाता मागून बघा. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर आणि डिरेलरची दोन चाकं एका उभ्या रेषेत हवीत. आत वाकलेली असतील तर सायकल उजव्या अंगावर पडली आहे. हँगर स्वस्तात बदलता येतो, पण तो अमुक फ्रेमसाठीच बनवलेला असतो. जुन्या मॉडेलला तो मिळेल का, हे विकत घेण्याआधी विचारा.

चाकं, ब्रेक, चेन

रिम ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या ज्या पट्टीवर रबर घासतं, तिच्यावर नख आडवं फिरवा. पट्टी आतल्या बाजूला खोलगट लागली तर रिम संपत आली. काही रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला तरी हाच अर्थ. पावसात चिखल-वाळूसकट ब्रेक मारत फिरवलेल्या सायकलीच्या रिम लवकर झिजतात, आणि रिम बदलायची म्हणजे आख्खं चाक नव्याने विणणं. चाक फिरवून ब्रेकच्या रबराकडे बघा. थोडा आउट असेल, म्हणजे चाक डुलत असेल, तर मेकॅनिक काढून देतो. चाकाची एखादी तार (स्पोक) तुटलेली असेल तर इतरही थकलेल्या असू शकतात. टायरच्या बाजूवर जाळीसारख्या भेगा असतील, तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर गेले. जुन्या सायकलींना बहुधा 23 मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. आपल्या रस्त्यांना निदान 25 हवेत, जमले तर 28. ब्रेक आणि फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का ते आत्ताच बघून घ्या.

चेनचं गणित सोपं आहे. टेपचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. 12 इंचांवर पुन्हा बरोबर पिनचाच मध्य यायला हवा. तो एक-षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची. एक-अष्टमांश गेला असेल तर कॅसेटही गेली असं धरायचं, आणि पुढचे दाते माशाच्या काट्यासारखे टोकदार दिसले तर तेही.

इथेच ‘जेमतेम चालवलीय’ या वाक्याचा हिशेब लागतो. उभ्या सायकलीची चेन झिजत नाही, पण टायर वाळतात, ब्रेक-गिअरच्या तारा जाम होतात, लिव्हरच्या आतलं ग्रीस डिंकासारखं घट्ट होतं आणि खटका रिकामाच फिरतो. हे ग्रीस स्प्रेने धुऊन बऱ्याचदा सुटतं, तरी ‘बऱ्याचदा’वर पूर्ण पैसे देऊ नका. वापरलेली आणि वेळच्या वेळी ओव्हरऑइलिंग झालेली सायकल मला उभ्या सायकलीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

‘घरातच ट्रेनरवर (जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर) चालवली’ ही त्याहून फसवी जात. रस्ता पाहिलेला नसतो म्हणून सगळं नवं दिसतं. पण तासन्‌तास घाम गळतो तो थेट हँडल आणि स्टेमवर. ब्रेक लिव्हरवरच्या रबरी आवरणाची (हुडाची) कड मागे दुमडा, हँडलवरच्या टेपचं टोक जरा उचका. खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली असेल, खड्डे पडले असतील, तर ते हँडल बदलायचंच. उतारावर तुटणारं हँडल कुठल्याच भावात स्वस्त नसतं. स्टेम आणि हेडसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचे) बोल्ट गंजून गोल झालेत का, तेही तिथेच बघा.

चालवून बघा

ठाण्यात असाल तर उपवनच्या बाजूने येऊरचा थोडा चढ, बेलापूरला पारसिक टेकडीचा रस्ता. पाम बीच रोडवर अनोळखी सायकल घेऊन जाऊ नका, तिथली वाहनं ब्रेकची परीक्षा घ्यायला वेळ देत नाहीत. सेक्टरमधला मोकळा रस्ता बरा. प्रत्येक गिअर चढवा आणि उतरवा, चढावर जोर देऊन. सपाटीवर बसणारी चेन चढावर उडते, तेव्हा झीज कळते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली ठकठक लागली तर हेडसेटमध्ये प्ले (सैलपणा) आहे, बहुधा नुसतं आवळून जातो. क्रँक धरून आडवी हलवा. खुळखुळली तर दोष बीबीचा. आट्यांची बीबी असेल तर बदलणं किरकोळ काम, प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेली) असेल तर करकर जायला मेकॅनिकचा हात चांगला लागतो. उतारावर हँडल एका बाजूला ओढत असेल तर चाक नीट बसवून पुन्हा बघा. तरीही ओढलं तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) किंवा फ्रेम वाकडी.

आता आकडा

समजा तशीच क्लॅरिसवाली, ॲल्युमिनियमची नवी सायकल आज 45,000 ला आहे. पाच-सहा वर्षांची, फ्रेम निर्दोष आणि तशीच चालवत न्यावी अशी असेल तर मी तिला निम्मे धरतो: 22,500. आता उणे करत या. चेन-कॅसेट 2,500, टायर-ट्यूब 3,000, तारा, ब्रेकचे रबर आणि हँडल टेप 2,000, मजुरी 1,500. झाले 9,000. राहिले 13,500. विकणाऱ्याने 28,000 सांगितले असतील तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा. भांडायचं नाही, एकेक ओळ दाखवायची. 15,000 पर्यंत जायला हरकत नाही. माझे आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या भागातल्या दुकानात विचारून आपले भरा.

रिम ब्रेकवाली असेल तर आणखी थोडं खाली मागा, कारण बाजार डिस्क ब्रेककडे सरकलाय. नवख्यासाठी मात्र ही संधी आहे. रिम ब्रेक घरच्या घरी दुरुस्त होतो, वजनाला हलका पडतो आणि कोरड्या रस्त्यावर कमी पडत नाही.

हेल्मेट, मीटर, बाटलीचा स्टँड, बूट यांची बेरीज विकणारा करतो, तुम्ही करू नका. बूट तर त्याच्या मापाचे असतात.

जुनी परदेशी पोलादी सायकल कोणाच्या मामांनी जहाजावरून आणलेली असेल आणि ‘विंटेज आहे, तिकडे 500 पौंडांना जाते’ असं सांगितलं, तर त्यांना ती तिकडे विकू द्या. आपल्याकडे तिला हौशी मोजकेच. शिवाय मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी 126 मिलिमीटर निघाली (आजच्या रिम ब्रेकच्या सायकलींना 130 असते), चाक 27 इंची निघालं किंवा जुन्या प्यूजो सायकलींसारखे वेगळ्या मापाचे फ्रेंच आटे निघाले, तर भाग शोधण्यात वर्ष जातं. आवडलीच तर आवडीचे पैसे द्या, गुंतवणुकीचे नाही.

वेळही बघा. जून ते सप्टेंबर विकणारे असतात, घेणारे घरात असतात. पाऊस संपला, लांब पल्ल्याच्या राईड सुरू झाल्या की भाव ताठ होतो.

पैसे देण्याआधी

बीबीच्या खाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळवा. घासून काढलेला असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि घासलेला नंबर पाहूनही घेतली तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणाला पटवणार? बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर दोघांची नावं, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख आणि सह्या घ्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

सीवूड्सला घेतलेली सायकल ऐरोलीमार्गे ठाण्यापर्यंत चालवत आणायचा मोह होईल. वाळलेल्या टायरवर तो नको. दोन्ही चाकं काढली की फ्रेम साध्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर मावते. चेनची बाजू वर ठेवा आणि खाली जुनी चादर अंथरा.